नवजात बाळाचं सॅच्युरेशन कसं बघायचं : एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष विभागात) नव्याने आलेल्या सिस्टरांसाठी

बाहेरगावाहून कोल्हापुरात जॉइन झालेल्या सिस्टरांची पहिल्याच आठवड्यात एक गंमत होते. स्टँडवर रिक्षावाला विचारतो, “सीपीआरला काय?” आणि ती दचकते. तिच्या डोक्यात सीपीआर म्हणजे छाती दाबून जीव वाचवणं. गावाच्या डोक्यात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. हा घोटाळा दोन दिवसांत निवळतो. मॉनिटरवरच्या आकड्याचा घोटाळा मात्र वर्षानुवर्षं टिकू शकतो, म्हणून हे लिहितेय. डॉक्टरांसाठी नाही. जिला उद्या सकाळी आठच्या ड्युटीला सहा वॉर्मर (बाळाला ऊब देणारे पाळणे) आणि सहा मॉनिटर ताब्यात मिळणार आहेत, तिच्यासाठी.

आकडा नक्की कशाचा

रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसतो. कोल्हापुरात आहोत तर केएमटीच्या बसचंच उदाहरण घेऊ. गंगावेशीतून सुटलेल्या सगळ्या गाड्यांच्या मिळून शंभर सीटा धरा. त्यातल्या ब्याण्णव भरल्या असतील तर सॅच्युरेशन ९२. एवढंच ते यंत्र सांगतं. गाड्या किती सुटल्या हे सांगत नाही, म्हणून हिमोग्लोबिन खूप उतरलेल्या बाळाचंही सॅच्युरेशन ९८ दिसू शकतं. सीटा भरल्यावर उभ्याने किती चढले हेही सांगत नाही. हा उभ्या माणसांचा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

बाळाच्या हाता-पायाला जो प्रोब लावतो, त्यात एका बाजूला दोन दिवे असतात : एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, सुमारे ९४० चा. समोरच्या बाजूला प्रकाश मोजणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, रिकामं हिमोग्लोबिन लाल जास्त शोषतं. पण कातडी, हाड, स्नायू हेही प्रकाश अडवतातच. मग नेमकं धमनीतलं रक्त ओळखायचं कसं? जपानमध्ये ताकुओ आओयागी या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कोडं सोडवलं : जो भाग नाडीच्या ठोक्याबरोबर कमी-जास्त होतो तेवढाच मोजायचा, स्थिर राहतो तो वजा करायचा. सुई नाही, रक्त नाही, आणि आकडा सतत समोर.

यातच त्याची मर्यादाही आली. ठोका सापडला नाही तर आकडा नाही, आणि चुकीचा ठोका सापडला तर चुकीचा आकडा. शिवाय ही यंत्रं निरोगी प्रौढ स्वयंसेवकांवर तपासून बसवलेली असतात आणि त्यांचं सॅच्युरेशन कुणी मुद्दाम पन्नासपर्यंत उतरवत नाही. म्हणून ७० ते १०० या पट्ट्यात दोन-तीन टक्क्यांची चूक धरायची. ७० च्या खाली आकडा ६२ आहे की ५५ यावर वाद घालत बसू नये; दोन्हीचा अर्थ एकच, धावा.

आधी हात-पाय बघा, मग प्रोब

पावसाळ्यात गगनबावडा किंवा राधानगरीकडून अॅम्ब्युलन्सने बाळ येतं. आईच्या ओल्या पदरात नाहीतर पातळ टॉवेलात गुंडाळलेलं. आपण घाईने प्रोब लावतो आणि मॉनिटरवर नुसत्या रेघा. मग प्रोब बदल, केबल बदल, मॉनिटर बदल. यंत्राचा काही दोष नसतो. बाळाचे पाय बर्फासारखे असतात, तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे ठोका पोचतच नाही. हाताच्या उलट्या बाजूने आधी बाळाचं पोट, मग तळवे चाचपा. पोट कोमट आणि तळवे गार असतील तर ऊब देणं हेही उपचाराचंच पहिलं काम आहे. वॉर्मर चालू करा, ओलं काढा, टोपी घाला, आणि तोवर उजव्या हातावर प्रयत्न करा. तोंडाकडे, श्वासाकडे, हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष मात्र चालूच ठेवायचं; यंत्राला सिग्नल मिळेपर्यंत बाळ थांबत नाही.

हात-पाय बघताना दुसरंही बघा. आपल्याकडे नजर लागू नये म्हणून तळपायाला काजळाची तीट असते. काजळ म्हणजे काजळीच, प्रकाश गिळणारी. प्रोबच्या जागी असेल तर ओल्या कापसाने अलगद पुसा. आजीला सांगून पुसा, नाहीतर संध्याकाळी भेटीच्या वेळेला नवी तीट हजर. मनगटात मनगट्या घट्ट बसल्या असतील तर त्याच हाताला प्रोब नको. त्या सैल करायला सांगा. काढून टाका असं फर्मावून भांडण ओढवून घेऊ नका.

प्रोब लावण्याची माझी पद्धत अशी. मॉनिटर आधी सुरू करायचा. मग प्रोब बाळाला लावायचा आणि सगळ्यात शेवटी केबल मॉनिटरला जोडायची. या क्रमाने सिग्नल लवकर पकडतो, प्रसूतिगृहात तर हे सेकंद मोलाचे. नवजात बाळासाठी पट्टीसारखा गुंडाळायचा प्रोब असतो, चिमटा नाही. पायाला लावताना करंगळीच्या खालची पावलाची बाहेरची कड पकडा. हाताला लावताना तळहाताची करंगळीकडची कड किंवा मनगट. दिवा एका बाजूला, सेन्सर बरोबर समोर. दोन्ही एकमेकांकडे बघताहेत ना, हे बोटाने चाचपून घ्या. अर्धा सेंटिमीटर सरकलं तरी प्रकाश मांसातून न जाता कडेने वळसा घालून पोचतो आणि यंत्र बेधडक ८५ च्या आसपासचा आकडा सांगत राहतं.

पट्टी किती घट्ट? प्रोब हलू नये, पण बोटं पांढरी पडू नयेत. घट्ट बांधला की शिरेतलं रक्तही ठोक्याबरोबर हलायला लागतं, यंत्र त्यालाच धमनी समजतं आणि आकडा खाली येतो. नव्या सिस्टर घट्टच बांधतात, कारण निसटला की ओरडा बसतो. केबलचा एक वळसा टाचेशी घेऊन हलकेच अडकवा, म्हणजे बाळाने लाथ मारली तरी ओढ प्रोबला न लागता केबलला लागते. अठ्ठावीस-तीस आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाच्या कातडीला मायक्रोपोरची चिकटपट्टी थेट लावू नका. काढताना कातडी त्याच्यासोबत येते. वरून पायमोजा घाला किंवा गडद कापड टाका. फोटोथेरपी (काविळीसाठीचा निळा उजेड) चालू असेल तर हे टाळायचंच नाही. आणि ज्या पायाला बीपीचा कफ आहे त्या पायाला प्रोब नको. कफ फुगला की ठोका बंद, अलार्म चालू.

दर तीन-चार तासांनी जागा बदला. वेळ लक्षात राहत नाही म्हणून फीडशी किंवा लंगोट बदलण्याशी जोडून टाका. काढल्यावर कातडीवर खोल वळ किंवा लाल चट्टा दिसला तर ती जागा त्या दिवसापुरती बाद.

आकड्यावर विश्वास कधी

तीन गोष्टी जुळल्या की. पहिली, स्क्रीनवरची लाट प्रत्येक ठोक्याला सारखी, स्वच्छ उठते. दुसरी, मॉनिटरवरचा नाडीचा आकडा आणि स्टेथोस्कोपने तुम्ही मोजलेले ठोके जवळपास एक आहेत. तिसरी, बाळ त्या आकड्यासारखं दिसतंय. मॉनिटर नाडी ९० दाखवतोय आणि कानाला १५० ऐकू येतंय, तर शेजारचा सॅच्युरेशनचा आकडा कितीही सुंदर असो, तो रद्द.

कावीळ असली तरी आकडा बिघडत नाही, तेव्हा पिवळ्या बाळाच्या बाबतीत ते कारण पुढे करू नका. गर्भातल्या हिमोग्लोबिननेही जाणवण्याएवढा फरक पडत नाही. त्वचा जितकी गडद तितका आकडा खऱ्यापेक्षा किंचित जास्त येण्याची शक्यता मात्र असते. २०२० मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांच्या नोंदींवरून ही गोष्ट पुन्हा ठळकपणे पुढे आली. सावळ्या बाळाचं सॅच्युरेशन काठावर असेल आणि बाळ कण्हत असेल, तर आकड्याच्या बाजूने वकिली करू नका.

हात-पाय निळसर आणि ओठ-जीभ गुलाबी, हे पहिल्या एक-दोन दिवसांत चालतं. जीभ निळी असेल तर चालत नाही.

जन्मानंतरची दहा मिनिटं

पोटातल्या बाळाचं सॅच्युरेशनच साठीच्या आसपास असतं. ते बाहेर आल्या आल्या ९५ वर जात नाही आणि जायची गरजही नाही. प्रसूतिगृहात प्रोब नेहमी उजव्या हाताला लावायचा, कारण मेंदूकडे आणि हृदयाकडे जाणारं रक्त त्याच टप्प्यावरचं असतं. डक्टस नावाची जी वाहिनी जन्मानंतर बंद व्हायची असते, तिच्यातून येणारं कमी ऑक्सिजनचं रक्त पायांकडे मिसळू शकतं. डाव्या हाताचा भरवसा नाही, तो कधी अलीकडचा असतो, कधी पलीकडचा.

पहिल्या मिनिटात यंत्र बहुधा सिग्नलच शोधत असतं. दुसऱ्या मिनिटाला ६५ ते ७०, तिसऱ्याला ७० ते ७५, चौथ्याला ७५ ते ८०, पाचव्याला ८० ते ८५ आणि दहाव्याला ८५ ते ९५, हा पुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणात शिकवला जाणारा तक्ता वॉर्मरच्या भिंतीवर चिकटवून ठेवा. तिसऱ्या मिनिटाला ७२ बघून ऑक्सिजनचा नॉब फिरवायला हात शिवशिवतो. बाळ रडतंय, ठोके शंभराच्या वर आहेत, तर हात खिशात. श्वासच नसेल तर सॅच्युरेशनची वाट बघायची नाही, बॅग-मास्कने श्वास देणं आधी.

ऑक्सिजनवरचं बाळ, आणि नव्याण्णवचा मोह

हा भाग दोनदा वाचा. कमी दिवसांचं बाळ ऑक्सिजनवर आहे आणि मॉनिटर ९९ दाखवतोय. बाहेर आजी विचारते, “शंभरात किती पडलं?” तुम्ही अभिमानाने सांगता, “नव्याण्णव!” आणि सगळे खूश. त्या वेळी तुम्ही कदाचित त्या बाळाच्या डोळ्यांचं नुकसान करत असता.

आता ती उभी माणसं आठवा. सीटा भरल्या की सॅच्युरेशन शंभरावर थांबतं, पण रक्तात विरघळलेला ऑक्सिजन वाढतच राहू शकतो. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० असो की ३००, मॉनिटर तेच सांगणार. साध्या हवेवर असलेल्या बाळाला हा धोका नाही, त्याचं ९९ खुशाल असू दे. बाहेरून ऑक्सिजन देतोय त्याला आहे. १९४०-५० च्या दशकांत अमेरिका-युरोपात इनक्युबेटरमध्ये सढळ हाताने ऑक्सिजन दिला गेला आणि हजारो मुलं अंध झाली. मग हात एवढा आखडला की दुसरीकडे बाळं दगावू लागली. २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. २४ ते २७ आठवड्यांच्या बाळांमध्ये ८५ ते ८९ आणि ९१ ते ९५ अशा दोन पट्ट्यांची तुलना होती. खालच्या पट्ट्यात डोळ्याचा गंभीर आजार कमी, पण मृत्यू जास्त. म्हणून आज ऑक्सिजनवरच्या मुदतपूर्व बाळासाठी सर्वसाधारण लक्ष्य ९० ते ९५. अलार्म खाली ८८-८९ ला आणि वर ९५-९६ ला; तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलमध्ये जो आकडा असेल तो पाळा. बाळ ऑक्सिजनवरून उतरलं की वरचा अलार्म काढायला विसरू नका, नाहीतर तब्येत सुधारली म्हणून रात्रभर बोंब.

माझी स्वतःची एक रात्र सांगते. तेव्हा मी एका खासगी रुग्णालयात नवीन होते, गाव-नाव सोडून देऊ. तेराशे ग्रॅमचं बाळ, सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर), वर फोटोथेरपीचा निळा उजेड. पहाटे तीनला सॅच्युरेशन ८४. ब्लेंडर, म्हणजे हवेत ऑक्सिजन किती टक्के हे ठरवणारं यंत्र, तीसवरून पस्तीस केला. ८५. चाळीस केला. ८५ च. पंचेचाळीसला हात घातला तेवढ्यात सीनियर सिस्टर चहाचा कप ठेवून आल्या. मॉनिटरकडे बघितलंच नाही त्यांनी. आधी बाळाच्या ओठांकडे बघितलं, मग पायावरचं कापड उचललं. प्रोब घसरून घोट्याकडे गेलेला, दिवा आणि सेन्सर शेजारी-शेजारी, त्यावर निळा उजेड. म्हणाल्या, “अगं, ऑक्सिजन बाळाला देतीयस का यंत्राला?” प्रोब नीट लावल्यावर आकडा आला ९८. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं मी त्या गुलाबी, गाढ झोपलेल्या बाळाला नको असलेला ऑक्सिजन पाजत होते. तेव्हापासून ब्लेंडरला हात लावण्याआधी कापड उचलते.

आणखी एक नियम त्यांनीच घालून दिला : ज्याने वाढवलं त्यानेच उतरवायचं. सॅच्युरेशन एकदम पडलं म्हणून ऑक्सिजन वाढवला, बाळ सावरलं, आणि आपण शेजारच्या वॉर्मरकडे गेलो की तो वाढलेलाच राहतो. सावरेपर्यंत तिथेच उभं राहा आणि दोन-पाच टक्क्यांनी उतरवत पूर्वीच्या जागी आणा.

भारतात ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची आरओपी, म्हणजे वर सांगितलेल्या डोळ्याच्या आजाराची, तपासणी जन्मापासून चौथ्या आठवड्याच्या आत होणं अपेक्षित आहे. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज कार्डावर तारीख तुम्ही लिहा. “दाखवून घ्या” असं नाही, तारीख. शाहूवाडी, चंदगडकडची माणसं ती तारीख वाचून एसटी पकडतात, मोघम सूचनेवर कुणी शेतातली कामं सोडून येत नाही.

अलार्म वाजला

हात बटणाकडे जाण्याआधी नजर बाळाकडे जावी. छाती हलतेय का? रंग काय आहे? हलत नसेल तर तळपायाला टिचकी, पाठीवरून बोट. मान पुढे झुकली असेल तर सरळ करा, खांद्याखाली घडी ठेवा. नाकात-तोंडात दूध किंवा शेंबूड आहे का? सीपॅपचे प्रॉन्ग नाकातून निसटलेत का? नळी वाकलीय का, सिलिंडर संपलाय का? तरीही श्वास नाही तर बॅग-मास्क आणि जोरात हाक. हे सगळं लिहायला वेळ लागतो, करायला पंधरा सेकंद. बाळ ठीक आहे असं दिसलं तरच प्रोब, केबल, लाट यांच्याकडे वळा.

मुदतपूर्व बाळं श्वास विसरतात. वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं, किंवा त्यापेक्षा कमी वेळ थांबूनही ठोके आणि सॅच्युरेशन पडलं, तर तो अॅप्निया. नोंदीत फक्त ‘सॅट ७८’ लिहिलं तर सकाळच्या डॉक्टरांना काही कळत नाही. किती वाजता, किती सेकंद, ठोके किती, रंग बदलला का, आपोआप सावरलं की टिचकी लागली की बॅग, आणि फीड चालू होतं का, एवढं हवं. नळीतून दूध जाताना दोनदा झालं असेल तर ती फार महत्त्वाची बातमी आहे.

यंत्र काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतं, म्हणजे स्क्रीनवर पडझड दिसते तेव्हा ती होऊन गेलेली असते. आणि सॅच्युरेशन चांगलं म्हणजे श्वास चांगला, असंही नाही. ऑक्सिजनवरचं बाळ दमून उथळ श्वास घेत असेल तर कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मॉनिटर ९४ वर शांत बसून असतो.

घरी जाण्याआधी उजवा हात आणि एक पाय

वरून ठणठणीत दिसणाऱ्या बाळातही हृदयाचा गंभीर जन्मजात दोष असू शकतो. तो ओळखायला उजव्या हाताचं आणि एका पायाचं सॅच्युरेशन बघतात; अमेरिकेने २०११ मध्ये सगळ्या नवजातांसाठी या तपासणीची शिफारस केली. आपल्याकडे जिथे प्रोब आहे तिथे ती पाच मिनिटांत होते. जन्मानंतर २४ तास उलटू द्या, त्याआधी खोटे अलार्म जास्त. बाळ शांत, उबदार, दूध पीत नसलेलं, साध्या हवेवर. आधी उजवा हात, मग कुठलाही एक पाय.

दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३ किंवा कमी : पुढे चला. कुठेही ९० च्या खाली : ताबडतोब डॉक्टर, त्याच क्षणी. मधलं काहीही, म्हणजे ९० ते ९४ किंवा फरक तीनपेक्षा जास्त : प्रोब तपासा, पाय गार नाहीत ना बघा, तासाभराने पुन्हा करा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा. तपासणी पास झाली म्हणजे हृदय निर्दोष, असं आईला सांगू नका. महाधमनी अरुंद असण्याचा दोष यात निसटू शकतो, म्हणून मांडीतली नाडी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कार्ड बंद करू नका. दोष सापडला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं नाव घ्या. तो २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि जन्मजात हृदयविकार त्यात बसतो. बाप आधी खर्चाचा विचार करतो, हे लपून राहत नाही.

कातडीवरून ऑक्सिजनचा दाब मोजणारं ट्रान्सक्युटेनियस यंत्र काही मोठ्या केंद्रांत दिसेल. त्याचा इलेक्ट्रोड ४३-४४ अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे दोन-तीन तासांत जागा बदलली नाही तर कातडी भाजते. मेंदूतला ऑक्सिजन बघणारं यंत्रही असतं. दोन्ही हाताळायची वेळ येईल तेव्हा त्यांचं प्रशिक्षण वेगळं घ्या.

शिफ्ट संपताना प्रोब स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ठेवा. बुडवायचा नाही, केबलची घट्ट गुंडाळी करायची नाही. निम्मे प्रोब आतली तार तुटूनच मरतात.

डिस्चार्जच्या दिवशी बाप खिशातून बोटाचा ऑक्सिमीटर काढतो. कोरोनात घेतलेला, घरोघरी पडून आहे. “हे अंगठ्याला लावलं तर चालंल नव्हं?” नाही चालणार. तो चिमटा मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनवलेला असतो; बाळाच्या अंगठ्याभोवती पोकळी राहते, प्रकाश बाजूने निसटतो आणि रात्री दोनला ८१ बघून अख्खं घर रस्त्यावर येतं. किंवा ९७ बघून खरं आजारी बाळ घरी झोपवलं जातं, ते जास्त वाईट. मी तो चिमटा परत खिशात ठेवायला सांगते आणि बाळाच्या पोटावरचं कापड बाजूला करून आई-बाप दोघांकडून माझ्यासमोर श्वास मोजून घेते. पूर्ण एक मिनिट. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर शांत बसवून पुन्हा मोजायचे, तेवढेच आले तर निघायचं. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतंय, दूध ओढत नाही, जीभ निळी : यातलं एकही दिसलं तर मोजत न बसता १०८ ला फोन. मोजताना बाळ झोपलेलं हवं आणि घड्याळाला सेकंदकाटा हवा. नसेल तर मोबाइलचा स्टॉपवॉच चालतो. तो कसा लावायचा हे आजीलाही दाखवून द्या, कारण दुपारी घरात तीच असते.